उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. वाईट दिवस आलेल्या माणसाला धीर द्यायला ही म्हण बरी पडते. पण म्हण माणसासाठी असली, तरी ती सुचली आहे खऱ्याखुऱ्या उकिरड्याकडे बघूनच. गावाने नाक मुरडून ज्या ढिगाकडे पाठ फिरवली, तोच ढीग एक दिवस गाडीत भरून शेतात जातो आणि पुढे ज्वारीच्या कणसात दिसतो, हे ज्याने पाहिले असेल त्यालाच ती सुचणार. या म्हणीत दोन गोष्टी मात्र सांगितलेल्या नाहीत. उकिरड्याला बारा वर्षे का थांबावे लागते? आणि तोपर्यंत त्याचा वास कोणी सोसायचा?

हे प्रश्न आज विचारायचे कारण असे, की उकिरडा आता आपल्या घरात आला आहे. शहरातल्या गॅलरीत, गच्चीवर, सोसायटीच्या मागच्या अंगणात ओल्या कचऱ्याचे खत करण्याचे डबे आणि पिंपे दिसू लागली आहेत. सुरुवात उत्साहात होते. पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या आठवड्यात घरातले कोणीतरी विचारते, "कसला वास येतोय?" तिसऱ्या आठवड्यात झाकण घट्ट लागते आणि महिन्याभरात डबा भंगारवाल्याकडे जातो. जागा नाही, वेळ नाही ही कारणे सांगण्यापुरती असतात. खरे कारण बहुतेक वेळा वास हेच असते. या वासावर उपाय आहे. तो सुमारे शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदुरात नीट मांडला गेला आणि पुढे आपल्या कणकवलीत आणि पुसदमध्ये त्यावर आणखी काम झाले. ती हकिगत आज सांगायची आहे.

जुन्या गावात उकिरडा म्हणजे घरामागचा किंवा गावकुसाजवळचा खड्डा. गोठ्यातले शेण, गव्हाणीत उरलेली चिपाडे, चुलीची राख, अंगणातली झाडलोट असे सगळे तिथे पडे. पाऊस आला की खड्डा तुंबे. ऊन पडले की वरचा थर वाळे, आतला मात्र काळा आणि ओलाकिच्च राही. उन्हाळ्यात तो उपसून शेतात नेत. आमची दादी रोज सकाळी चुलीतली राख त्यावर पसरून टाकायची. माश्या बसत नाहीत, एवढेच तिचे शास्त्र होते, आणि ते खोटे नव्हते. राख आंबूसपणा मारते, वरचा थर कोरडा ठेवते. ती फार झाली तर मात्र ताज्या शेणातला अमोनिया वायू सुटतो, म्हणजे पिकाला हवा असलेला नत्र हवेत उडून जातो. उकिरड्याजवळून जाताना नाकाला झोंबते, डोळ्यांत पाणी येते, तेव्हा आपल्या नाकात शिरते ते शेताला निघालेले आणि वाटेतच पळालेले खत असते. दुर्गंधीला आपण घाण म्हणतो. शेतीच्या वहीत ती नुकसानीच्या बाजूला लिहायला हवी.

शहराला शेत नसते, त्यामुळे ही नुकसानी त्याला कळत नाही. त्याला वासाचे फक्त भय वाटते. एकोणिसाव्या शतकात हे भय शास्त्र म्हणून मिरवत होते. सडलेल्या वस्तूंतून विषारी हवा निघते आणि तिनेच रोग होतात, असे युरोपातले मोठमोठे जाणकार मानत. इंग्लंडमधले आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांनी तर १८४६ मध्ये वास म्हणजेच रोग, अशा अर्थाचे विधान केले होते. हाच समज घेऊन साहेब इथे कारभार करत होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारे धुतली गेली, घराघरांत कार्बोलिक ॲसिड शिंपडले गेले. वास्तविक प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, आणि तो उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले. गटारे धुतल्याने इतर काही रोगांना आळा बसला असेल, पण प्लेगच्या खटल्यातून वास निर्दोष सुटला. त्याची भीती मात्र गेली नाही.

भ्यालेला माणूस समोरची वस्तू एक तर झाकून ठेवतो, नाही तर दूर फेकतो. मुंबईने दूर फेकण्याचा मार्ग धरला. कुर्ल्याहून चेंबूरकडे कचऱ्याच्या आगगाड्या धावल्या आणि १९२७ पासून देवनारच्या खाजणात शहराचा कचरा पडू लागला. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली, धूर शहरभर पसरला, तेव्हा दूर टाकलेल्या वासाला परतीचा रस्ता ठाऊक असतो हे मुंबईकरांना कळले.

पुण्याची तऱ्हा जरा वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातला मैला राखेत मिसळून, वाळवून मुठेच्या कालव्यावरच्या ऊसमळ्यांना विकला जाई. इंग्रजी कागदपत्रांत त्याला 'पुद्रेत' असे फ्रेंच नाव आहे. आपला शब्द त्याहून सुंदर आहे: सोनखत. मैल्याला सोने म्हणणारी भाषा माझी आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण ज्या हातांनी ते सोने टोपलीतून वाहिले, त्या हातांचा स्पर्श गावाला चालत नव्हता. खत सोन्याचे आणि खत वाहणारा अस्पृश्य, हे दोन्ही एकाच भाषेत सुखाने नांदले. वासाचा प्रश्न आपण शेकडो वर्षे असाच सोडवला. वास तसाच ठेवला आणि तो घेणारे नाक तेवढे ठरवून दिले.

आता इंदुरात जाऊ. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत आले. त्यांची पत्नी गॅब्रिएल हीदेखील वनस्पतिशास्त्रज्ञ, नवऱ्याच्या बरोबरीने प्रयोग करणारी. पुसाला गव्हाच्या सुधारित वाणांवर त्यांनी नाव मिळवले. पण आसपासच्या शेतकऱ्याकडे काही खासगी विद्या आहे, ती शिकली पाहिजे, असे हॉवर्ड यांना तिथेच वाटू लागले. शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले प्राध्यापक, असे ते म्हणत. १९२४ मध्ये इंदुरात कापसाच्या संशोधनासाठी नवी संस्था निघाली. नाव इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. मध्यवर्ती कापूस समितीने पैसे दिले, होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, आणि हॉवर्ड संचालक झाले. कापूस चांगला हवा तर आधी माती चांगली हवी आणि माती चांगली हवी तर खत हवे, या वाटेने ते कापसावरून कचऱ्याकडे वळले.

या कामात त्यांच्या बरोबर होते यशवंत वाड. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करण्यावरचे जे पुस्तक काढले, त्याच्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला वाड यांचे नाव छापलेले आहे. पुढे जगाने हॉवर्ड यांना लक्षात ठेवले, १९३४ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली, 'इंदूर पद्धत' हा शब्द चहाच्या मळ्यांपासून आफ्रिकेतल्या शेतांपर्यंत गेला. वाड मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच राहिले. ज्या खताला आपल्या शहराचे नाव मिळाले, त्या खतामागचे हे ओळखीच्या आडनावाचे माणूस आपल्या मराठी वाचकाला माहीत असू नये, याचे मला वाईट वाटते.

त्यांनी केले काय? चीनमधले शेतकरी चार हजार वर्षे जमिनीचा कस कसा राखून आहेत, यावर अमेरिकेतल्या एफ. एच. किंग यांचे पुस्तक १९११ मध्ये निघाले होते. हॉवर्ड यांनी ते वाचलेले होते. त्याला त्यांनी आपल्या गोठ्याची जोड दिली. इंदूरच्या शेतावर पऱ्हाट्या आणि तुराट्या गाडीवाटेवर पसरून ठेवत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या जात. मग हा भुगा, तण, पालापाचोळा बैलांच्या पायाखाली अंथरत. गोठ्यातली मूत्र मुरलेली माती खणून घेत. शेण, ही माती आणि लाकडाची राख यांचा पातळ काला करून तो काडीकचऱ्याच्या प्रत्येक थरावर शिंपडत. दोन ते तीन आठवड्यांनी पहिल्यांदा आणि सुमारे पाच आठवड्यांनी दुसऱ्यांदा ढीग वरखाली करत. तीन महिन्यांत खत तयार. म्हणीतली बारा वर्षे नव्वद दिवसांवर आली.

यातली खरी गोम खड्ड्याच्या खोलीत आहे. हॉवर्ड यांचा खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त ३ फूट खोल. खोली हेच सगळ्यांत महत्त्वाचे माप, असे ते बजावून सांगतात. कारण कुजणाऱ्या ढिगात हवा आपसूक शिरते ती वरून अठरा ते चोवीस इंचांपर्यंतच. त्याखालच्या भागासाठी दर चार फुटांवर पहारीने उभी भोके पाडून हवेला वाट करून द्यायची. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, तेव्हा खड्डा सोडून जमिनीवर ढीग रचायचा. ढीग पहिल्या दिवसांत ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, मग हळूहळू निवतो. आणि ढिगाला घाण वास आला, माश्या घोंगावू लागल्या तर? हॉवर्ड यांच्या लेखी ती निष्काळजीपणाची खूण होती. पाणी जास्त झाले किंवा मिश्रण बिघडले, म्हणून आतली हवा संपली. उपाय एकच: ताबडतोब ढीग पलटा.

ही गोष्ट मला फार मोठी वाटते. कुजणे म्हणजे घाण वास, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. इंदूरच्या ढिगाने ते मोडले. कुजण्याला घाण वास येत नाही, गुदमरण्याला येतो. हवा असली की कचरा खाणारे जिवाणू त्याचे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि खत करतात. हवा संपली की ते मागे हटतात आणि हवेवाचून जगणारे दुसरे जिवाणू ढिगाचा ताबा घेतात. घाण वास या दुसऱ्या जिवाणूंचा असतो.

आपल्या मराठीत वासाला इतके शब्द आहेत की नुसत्या शब्दांवरून ढिगाचे दुखणे ओळखता यावे. आंबूस, उग्र, कुबट, खवट, नासका, सडका. यांतला प्रत्येक शब्द स्वयंपाकघरात किंवा गोठ्यात जन्मला आहे. ढीग आंबूस येतो तेव्हा त्यात आम्ले साठलेली असतात. शिळे अन्न, भात, फळांच्या साली एका जागी गोळा होऊन हवा कमी पडली, हा त्याचा अर्थ. उग्र, नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा. शेण, हिरवा पाला, डाळीचे उरलेसुरले जास्त झाले आणि काडीकचरा कमी पडला. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड. तळाशी पाणी साचले आहे आणि हवा पुरती संपली आहे. कुबट वास ओलसर, बंद जागेचा. आणि ढीग पुरता मुरला की जो वास येतो, त्याला पहिल्या पावसाचा वास म्हणतात.

हे वर्णन हौसेचे नाही. मातीत राहणारे काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. ग्रीक भाषेतले पृथ्वी आणि गंध हे दोन शब्द जोडून १९६५ मध्ये त्याला हे नाव मिळाले. पहिल्या पावसाच्या सुवासात तो असतो आणि मुरलेल्या खतातही असतो. माणसाचे नाक त्याला इतके तयार आहे की अब्जावधी थेंबांत काही थेंब असले तरी ओळखते. कनोजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून 'मिट्टी' नावाचे अत्तर करतात. आमच्याकडे ईदेला अत्तराच्या कुप्या निघतात, तेव्हा गुलाब आणि खस यांच्या शेजारी ही कुपीही असते. लोक ज्याला पैसे मोजतात त्या सुगंधाचा चुलतभाऊ नीट राखलेल्या कचऱ्याच्या डब्यात फुकट मिळतो.

इंदूरची पद्धत शेतासाठी होती. ती माणसांच्या वस्तीत आणण्याचे काम पुढे दुसऱ्या लोकांनी केले. १९३५ मध्ये महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी 'हरिजन'मधून या पद्धतीची माहिती दिली. मैला खोल पुरू नका, वरच्या नऊ ते बारा इंचांच्या मातीतच त्याचे खत करणारी जीवसृष्टी असते, असे ते कार्यकर्त्यांना सांगत. इंदूरच्या खड्ड्याच्या खोलीचा आणि या नऊ इंचांचा अर्थ एकच आहे. जिथे हवा पोचते तिथेच घाण सरते.

याच काळात कोकणात एक माणूस हे काम वेगळ्या कारणाने करत होता. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आपले अप्पासाहेब. १८९४ चा जन्म, उच्चवर्णीय घरातला उच्चशिक्षित माणूस. सत्याग्रहात शिक्षा होऊन ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात मैला काढण्याचे काम जातीने ठरलेल्या कैद्यांनाच दिले जाई. १९३२ मध्ये अप्पासाहेबांनी ते काम आपल्याला द्यावे असे मागितले. सरकारने नाही म्हटले. त्यांनी अन्न कमी करून सत्याग्रह मांडला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास केला. वासापासून सुटका मागणारी माणसे इतिहासात पुष्कळ सापडतील. वासातला आपला वाटा मागणारा आणि त्यासाठी उपाशी राहणारा माणूस विरळा.

अप्पासाहेबांचे मोठेपण एवढेच नाही. नुसता वाटा घेऊन प्रश्न सुटत नाही, हे त्यांना कळत होते. वास सोसण्याचे काम उरलेच नाही पाहिजे, म्हणजे ते कोणाच्या जातीवर टाकता येणार नाही. १९४८ मध्ये कणकवलीत त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथे मैला पालापाचोळा आणि माती यांनी झाकत जायचे आणि आळीपाळीने वापरायच्या टाक्यांत त्याचे सोनखत होऊ द्यायचे, असे संडास त्यांनी घडवले. कोकणात पालापाचोळ्याला तोटा नाही. टाकी उघडेपर्यंत आत जे उरते त्याला ना वास असतो ना घाणीचे रूप, म्हणून ते कोणीही उपसू शकतो. सोनखतातले सोने आणि ते उचलणारा हात यांच्यामधली भिंत पाडायची तर आधी वास पाडला पाहिजे, हा त्यांचा मार्ग होता. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्धचे कायदे देशात १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. अप्पासाहेब १९७१ मध्येच गेले.

शहरांसाठी आणखी एक वाट १९३९ च्या सुमारास बंगळूरला निघाली. सी. एन. आचार्य यांनी शहराचा कचरा आणि मैला चरांमध्ये थरांनी भरून वर मातीने लिंपून टाकण्याची पद्धत बसवली. पलटण्याची मेहनत नाही, पण वेळ दुप्पट. वास रोखण्याचे काम इथे माती करते, कारण माती हा वासाचा उत्तम गाळ आहे. तिच्या कणांना अमोनिया चिकटतो आणि तिच्यातले जीव उरलेल्या वायूंचा फडशा पाडतात.

हवा आणि माती या दोन वाटा एका जागी आणल्या त्या आपल्या विदर्भातल्या एका गांधीवादी कार्यकर्त्याने. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या खताला 'नाडेप' म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके जमिनीवर बांधायचे. भिंतीत मुद्दाम भोके ठेवायची. आत सहा इंच काडीकचरा, त्यावर चारेक किलो शेणाचा पाण्यात केलेला काला, त्यावर ५०-६० किलो कोरडी माती, असे थर देत टाके एक-दोन दिवसांत भरायचे. वरून माती आणि शेणाने लिंपायचे. पंधरावीस दिवसांत ढीग आठनऊ इंच खचतो. पुन्हा भरायचे, पुन्हा लिंपायचे. भेग पडली तर शेणाने बुजवायची. साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार. भोकांतून हवा आत जाते, मातीच्या थरांतून वास बाहेर येत नाही. इंदूरची तीन फूट उंची इथेही कायम आहे. फरक एवढाच की ढीग पलटायला मजूर नको आणि शेणही थोडे पुरते. ज्याच्याकडे एकच गाय आहे त्या शेतकऱ्याचा विचार करून केलेले हे टाके आहे.

आता आपल्या डब्याकडे येऊ. घरचा डबा म्हणजे छोटे नाडेप टाकेच. पण तो लहान असल्यामुळे इंदूरच्या ढिगासारखा तापत नाही. त्यासाठी साधारण तीन फूट लांब, रुंद, उंच ढीग लागतो. शिवाय स्वयंपाकघरातला कचरा बहुतांशी पाणीच असतो. त्यामुळे गुदमरण्याचा धोका इथे जास्त. म्हणून डब्याला बाजूने आणि तळाला भोके हवीत. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काड्या घालाव्यात, म्हणजे पाणी साचत नाही. ओल्या कचऱ्याच्या एका वाटीला वाळलेल्या पानांच्या दोन वाट्या, हा माझा हिशेब. पाने नसतील तर लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. रोज टाकलेला कचरा रोज झाकायचा, थोड्या जुन्या खताने किंवा मातीने. तीनचार दिवसांनी काठीने ढवळायचे. मूठभर घेऊन आवळले तर एखाददुसरा थेंब निघावा, धार लागू नये. आंबूस वास आला तर कोरडी पाने आणि चिमूटभर राख. झोंबला तर राख नको, नुसती पाने. सडक्या अंड्याचा आला तर सगळे बाहेर काढून पसरा, वाऱ्यावर ठेवा, मग पाने मिसळून पुन्हा भरा. हाडे, मासळीचे काटे छोट्या डब्यात नकोत. कोकणात माडाच्या मुळाशी मासळी पुरतात ती भरपूर मातीखाली, हे लक्षात ठेवावे. आणि वास येतो म्हणून झाकण घट्ट लावू नये. गुदमरलेल्याचे तोंड दाबल्यासारखे ते होते.

ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचे नियम देशात २००० मध्ये झाले, २०१६ मध्ये ते अधिक कडक झाले. तरी २०१७ मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या कित्येक दिवस अडवाव्या लागल्या. वर्षानुवर्षे शहराचा वास त्यांच्या अंगणात पडत होता. गावकुसाबाहेरचा उकिरडा आणि शहराबाहेरचा कचरा डेपो यांत मला फारसा फरक दिसत नाही. जागा बदलली, न्याय तोच.

हाच न्याय मी अगदी छोट्या प्रमाणातही पाहिला आहे. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत खताची दोन मोठी पिंपे आणली गेली आणि कोणालाही न विचारता वॉचमनच्या खोलीशेजारी ठेवली गेली. काही दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली की वास येतो. मिटिंग बोलावली. मीही डबा चालवतो म्हणून मला बोलावले होते. पिंपापासून सहा फुटांवर वॉचमन, त्याची बायको आणि लहान मुलगी राहत होती. त्यांची तक्रार नव्हती, म्हणजे त्यांना कोणी विचारले नव्हते. पिंप उघडले तर आत भाजीचा आणि भाताचा चिखल, कोरड्या पानाचे नाव नाही. आणि त्याच वेळी फाटकाशी झाडूवाल्या मावशी पानांचा ढीग पेटवत होत्या. पाने पोत्यांत भरून ठेवली, पिंपांना भोके पाडली, दहाबारा दिवसांत वास गेला. तेव्हा मी सुचवले की आता पिंपे जिन्याच्या तोंडाशी आणा. गलका झाला. वास आला तर? मी म्हटले, म्हणूनच. बरीच चर्चा होऊन एक पिंप आणले. पाने टाकायचा कंटाळा आला की आता त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळते.

घरचा डबा कुठे ठेवावा, असे मला विचारतात. गच्चीच्या कोपऱ्यात, मोलकरीण भांडी घासते तिथे, शेजाऱ्याच्या खिडकीखाली असा ठेवू नका. आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवा. वास आलाच तर तो पहिल्यांदा आपल्याला यावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)